विद्यापीठाच्या उपक्रमाला वस्तीतले लोक का येत नाहीत?

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत. तुम्ही विद्यापीठात शिकवता, यंदा समाज-सहभागाच्या उपक्रमाची जबाबदारी तुमच्यावर आली आहे आणि हाताशी ६० विद्यार्थी नि एक सत्र आहे. विद्यापीठाशेजारची वस्ती निवडून तुम्ही घरोघरी पाहणी केलीत, आरोग्य आणि शिक्षणावर जनजागृती फेरी काढलीत. पहिल्या बैठकीला चाळीसेक लोक आले आणि तिसरीला चारच. आता तुम्ही विचारताय की उपस्थिती कशी वाढवायची, ६० जणांना काम काय द्यायचं आणि तिथल्या रहिवासी संघटनेशी सामंजस्य करार आत्ताच करावा की थांबावं.

मी बरीच वर्षं विद्यापीठात अशा उपक्रमांचं समन्वयाचं काम करतो आहे. त्या अनुभवावरून सांगतो, उपस्थितीचा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवा. जे ३६ जण यायचे थांबले, त्यांनी तुम्हाला उत्तर दिलेलं आहे. वस्ती कोणती हे तुम्ही ठरवलंत. विषय, पाहणीतले प्रश्न, बैठकीची वेळ, सगळं तुमच्याकडूनच ठरलं. लोकांसाठी उरलं ते फक्त येऊन बसणं. सगळं ठरून झाल्यावर सहभाग मागितला की माणसं एकदा शिष्टाचार म्हणून येतात, दुसऱ्यांदा उत्सुकतेपोटी येतात आणि मग आपापल्या कामाला लागतात. त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केलं असतं.

शेरी अर्नस्टीन या अमेरिकी नियोजन-अभ्यासक बाईंनी १९६९ मध्ये नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या दोन पायऱ्यांवर सहभाग नसतोच, लोकांना नुसतं घोळात घेतलेलं असतं. मधल्या तीन पायऱ्यांवर लोकांना माहिती मिळते, त्यांचं मत विचारलं जातं, एखाद-दुसऱ्याला समितीतही घेतलं जातं, पण निर्णय दुसरीकडेच होतो. भागीदारी सुरू होते ती सहाव्या पायरीपासून. ही शिडी काही वेदवाक्य नाही आणि प्रत्येक कामाला वरची पायरी लागते असंही नाही. पण तुमचा उपक्रम तिथे ठेवून पाहिला तर चौथीच्या वर जात नाही. आणि विद्यापीठाच्या पत्रकात बहुधा ‘भागीदारी’ असंच छापलेलं असणार.

मी एक सोपी कसोटी लावतो. वस्तीतल्या लोकांना तुमच्या एखाद्या प्रस्तावाला ‘नाही’ म्हणता येतं का, आणि ते म्हटल्यावर खरंच काही बदलतं का? बदलत असेल तर बाकीची पडझड सावरता येते. नसेल तर उपस्थिती वाढवायच्या सगळ्या क्लृप्त्या चार दिवसांच्या.

आता प्रश्न कुठून यायला हवा, याबद्दल. एका वस्तीत आमच्या विद्यार्थ्यांनी पाहणीचा विषय काढला, तेव्हा एका बाईंनी फळीवरून प्लास्टिकची पिशवी काढली. आत निरनिराळ्या संस्थांच्या प्रश्नावल्यांच्या प्रती, ओळखपत्रांच्या छायाप्रती, कुठल्याशा शिबिराची पावती. एकेक कागद जमिनीवर मांडत त्यांनी विचारलं, “यातल्या कुणाचं उत्तर आलंय का ते तेवढं बघून द्या. मग तुमचे प्रश्न विचारा.” त्या सत्रातलं विद्यार्थ्यांचं पहिलं काम तेच झालं. पिशवीतल्या संस्था शोधायच्या, पाहणीचं पुढे काय झालं हे विचारायचं आणि जे काही मिळेल ते आणून द्यायचं. दोन ठिकाणांहून अहवाल मिळाले, बाकीच्यांकडून काहीच नाही. पण दोन अहवाल परत आले याचीच वस्तीत चर्चा झाली. नवीन पाहणी काढण्याआधी जुन्या पाहण्या शोधा, हा सल्ला मी तेव्हापासून प्रत्येकाला देतो. निम्म्या वेळा नव्या पाहणीची गरजच उरत नाही.

प्रश्न लोकांकडून घेण्याची पद्धत काही नवीन नाही. नेदरलँड्समधल्या विद्यापीठांनी १९७० च्या दशकात ‘विज्ञान दुकानं’ सुरू केली. ज्या नागरिक-गटांकडे संशोधन करून घ्यायला पैसे नाहीत त्यांनी आपला प्रश्न घेऊन यायचं आणि विद्यापीठाने त्यासाठी विद्यार्थी नि मार्गदर्शक शोधून द्यायचा, अशी ती सोय. हे दुकान चालतं ते मधल्या माणसावर. ‘आमच्याकडे सगळे सारखे आजारी पडतात’ ही तक्रार आणि ‘कोणत्या भागात, कोणत्या महिन्यांत, कोणते आजार’ हा तपासता येणारा प्रश्न, यांच्यामध्ये बरीच बोलणी लागतात. ती बोलणी तो करतो. तुमच्या उपक्रमात तो माणूस म्हणजे तुम्ही. फेऱ्या आणि बैठका भरवण्यापेक्षा हे काम जास्त किचकट आहे, आणि दुर्दैवाने अहवालात त्याचा फोटो येत नाही.

लोकांचा प्रश्न आणि विद्यापीठाचं साधन एकत्र आलं की काय होतं, याचं ठळक उदाहरण अमेरिकेतल्या फ्लिंट शहरातलं. २०१४ मध्ये तिथला पाण्याचा स्रोत बदलून नदीचं पाणी घेतलं गेलं, पण पाइप गंजू नयेत म्हणून लागणारी प्रक्रिया त्या पाण्यावर झाली नाही. पाण्याचा रंग, वास, अंगावर उठणारे चट्टे यांबद्दल रहिवासी तक्रारी करत राहिले आणि पाणी सुरक्षित असल्याचं अधिकारी सांगत राहिले. २०१५ मध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या गटाने नमुने घेण्याचे सुमारे ३०० संच पाठवले. ते घरोघरी वाटण्याचं आणि गोळा करण्याचं काम रहिवाशांनी केलं, पाइपांतून पाण्यात उतरलेलं शिसं मोजण्याचं काम प्रयोगशाळेने. काहीतरी बिघडलंय हे लोकांना आधीच ठाऊक होतं, विद्यापीठाने त्याला नाकारता न येणारा आकडा दिला. पुढे त्याच संशोधकांशी काही रहिवाशांचे मतभेद झाले, आमच्या वतीने बोलायचा हक्क कुणाला, यावरून जाहीर पत्रही निघालं. म्हणजे यश मिळालं म्हणून हा प्रश्न मिटत नाही.

आता इतकं मोठं काही तुमच्या वाट्याला येईलच असं नाही, आणि येऊही नये. आमच्याकडे एका वस्तीचा प्रश्न होता बसचा. संध्याकाळची बस वेळेवर येत नाही, अशी तक्रार. विद्यार्थ्यांनी तक्ता केला दोन रकान्यांचा, ठरलेली वेळ आणि प्रत्यक्ष वेळ. रोज त्या थांब्यावर उभ्या राहणाऱ्या एका ताईंनी तो बघितला आणि म्हणाल्या, “तिसरा रकाना घाला, थांबली की नाही थांबली.” बस बऱ्याचदा वेळेवर येत होती, पण थांब्याच्या पुढे जाऊन उभी राहायची किंवा सरळ निघून जायची. हातात पिशव्या असलेल्या बाया, म्हातारी माणसं तिथवर पोचेपर्यंत दार बंद. दोन रकान्यांचा तक्ता घेऊन गेलो असतो तर परिवहन विभागाने आम्हालाच दाखवून दिलं असतं की बस वेळेवर आहे. तिसरा रकाना भरलेला तक्ता घेऊन वस्तीतलेच लोक बैठकीला गेले, आमचे विद्यार्थी मागे बसले. त्या ताईंना संशोधन-आराखड्यातल्या सह-लेखक म्हणावं असं मी विभागात सुचवलं, तेव्हा काहींनी भुवया उंचावल्या. माझं मत आजही तेच आहे.

तुमच्या ६० विद्यार्थ्यांचा प्रश्नही इथूनच सुटतो. छोट्या वस्तीत ६० जण एकदम शिरले तर ती धाड होते. शिवाय हिशेब करून बघा. प्रत्येकाचे ३० तास धरले तर १,८०० तास होतात, ऐकायला भरपूर. त्यातून तयारी, ये-जा, परीक्षा आणि अहवाल-लेखन वजा केलं की निम्मे उरले तरी खूप. म्हणून मी दहा-बाराच जणांना वस्तीत पाठवतो, तेही दोघादोघांच्या जोड्यांनी, ठरलेल्या वारी आणि ठरलेल्या वेळी. बाकीचे मागचं काम करतात. जुने अहवाल आणि सरकारी नोंदी शोधायच्या, माहितीच्या अर्जाचे मसुदे करायचे, नकाशे काढायचे, नियम वाचून सोप्या भाषेत उतरवायचे, आकडे तपासायचे. विद्यार्थ्यांना हे आधी कमीपणाचं वाटतं, ‘आम्हाला फील्डवर जायचंय’ म्हणतात. पण वस्तीच्या दृष्टीने विद्यापीठाकडची सगळ्यात कामाची गोष्ट हीच असते. झाडू मारायला आणि भिंती रंगवायला त्यांना आपली गरज नाही. कोणत्या कार्यालयात, कोणत्या नियमाखाली, कोणता कागद मागायचा, हे शोधून काढायला मात्र त्यांच्याकडे फावला वेळ नसतो.

यातला सगळ्यात अवघड भाग वेळापत्रकाचा. सत्र चार-पाच महिन्यांचं, वस्तीचे प्रश्न वर्षानुवर्षांचे. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेत, जी २४ सप्टेंबर १९६९ ला ३७ विद्यापीठांत सुरू झाली, विद्यार्थ्याला दोन वर्षांत २४० तास द्यायचे असतात. मेक्सिकोत पदवीसाठी सामाजिक सेवा सक्तीची आहे आणि ती किमान ४८० तासांची. तासांची अट घातल्याने विद्यार्थी येतात, पण नातं टिकतंच असं नाही. ते टिकतं संस्थेने धागा हातात ठेवला तर. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत वैद्यकीय विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, प्रत्येकाला काही कुटुंबं नेमून दिली जातात आणि शिबिर संपल्यावरही विद्यार्थी त्याच घरांत जात राहतात. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत ही रीत एखाद्या उत्साही प्राध्यापकावर अवलंबून नाही, ती अभ्यासक्रमातच आहे. वैद्यकीय शिक्षण दीर्घ असतं म्हणून तिथे हे जमतं, हेही खरं. तुमच्याकडे एक सत्राचा विषय असेल तर विद्यार्थी बदलत राहणार. मग निदान तीन गोष्टी तशाच राहू द्या. वस्तीला फोन करता येईल असा विद्यापीठातला एक माणूस, दर आठवड्याचा ठरलेला दिवस, आणि पुढच्या तुकडीच्या हाती द्यायची एक वही, ज्यात काय कबूल केलं, काय दिलं आणि काय बाकी आहे हे लिहिलेलं असेल. परीक्षेच्या काळात कुणी येणार नसेल तर तसं आधी सांगा. न सांगता गायब होणं लोकांच्या लक्षात राहतं.

बरंच काही परिस्थितीवर अवलंबून असतं, हे इथे मान्य करायला हवं. तुमचे विद्यार्थी कायद्याचे असतील तर काम वेगळं, पहिल्या वर्षाचे असतील तर आणखी वेगळं. वस्तीत आधीपासून मजबूत संघटना असेल तर निम्मं काम झालेलं असतं, आणि तीच संघटना एखाद्या कुटुंबाच्या किंवा पक्षाच्या खिशात असेल तर निम्मं बिघडलेलं. ‘वस्ती’ म्हणून एक माणूस नसतो. घरमालक आणि भाडेकरू, जुने आणि नुकतेच आलेले, पुरुष आणि बायका, एकमेकांच्या ओट्यावर न बसणारे गट, यांचे प्रश्न एक नसतात, कधी कधी उलटे असतात. भाडेकरूंना सार्वजनिक नळ हवा असतो, घरमालकाला तो आपल्या दारात नको असतो. म्हणून तुमच्या तिसऱ्या बैठकीला आलेले ते चार जण कोण होते हे नीट बघा. बैठक कामाच्या वेळेत असेल तर कामावर जाणारं कुणी त्यात नव्हतं, एवढं नक्की. मी मोठी बैठक शेवटी घेतो. आधी नळावर, थांब्यावर, दुकानाच्या पायरीवर, दोन-तीन जणांशी बोलणं. एकाच गोष्टीचा उल्लेख वेगवेगळ्या गटांतून यायला लागला की मग बैठक. अशी बैठक भरवावी लागत नाही, आपोआप भरते.

वेळेच्या मोबदल्याचंही थोडक्यात सांगतो. तज्ज्ञाला व्याख्यानाचं मानधन मिळत असेल, तर विद्यार्थ्यांना तीन दुपारी वस्ती समजावून सांगणाऱ्या माणसालाही मिळावं. लेखा विभाग कुरकुर करेल, ‘संसाधन व्यक्ती’ या शीर्षाखाली टाका.

माहिती गोळा करताना मात्र हात सैल सोडू नका. अमेरिकेत हवासुपाई या आदिवासी समाजाने मधुमेहाच्या अभ्यासासाठी १९९० च्या दशकात ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांना रक्ताचे नमुने दिले. तेच नमुने पुढे स्किझोफ्रेनिया आणि स्थलांतराच्या अभ्यासांनाही वापरले गेल्याचं त्यांना नंतर कळलं. प्रकरण न्यायालयात गेलं आणि २०१० मध्ये तडजोड झाली, भरपाई मिळाली, नमुने परत करण्यात आले. दक्षिण आफ्रिकेतल्या सान या आदिवासी समाजाने तर २०१७ मध्ये संशोधकांसाठी स्वतःचीच आचारसंहिता प्रसिद्ध केली. तुमची पाहणी साधी असेल, रक्त वगैरे नसेल. पण घरात किती माणसं, कोण कुठून आलं, वीजजोडणी कुणाच्या नावावर, ही माहिती चुकीच्या हाती पडली तर कुणाचं घर जाऊ शकतं. म्हणून जे वापरणार नाही ते विचारू नका, नावं वेगळ्या कागदावर ठेवा, आणि विद्यार्थ्यांच्या मोबाइलमध्ये घरांचे फोटो राहू देऊ नका. तुम्ही केलेल्या पाहणीचे निष्कर्ष एका पानावर लिहून या महिन्यातच वस्तीत परत न्या. निष्कर्ष चुकीचा असेल तर लोक तिथेच सांगतील, आणि ‘हे चुकलंय’ असं सांगायला आलेला माणूस तुमचा पहिला खरा सहभागी समजा.

विद्यार्थ्यांचे गुण वस्तीने द्यावेत, असा एक विचार हल्ली मांडला जातो. मला तो पटत नाही. मुलांचं नुकसान नको म्हणून लोक सगळ्यांना पूर्ण गुण देतात. त्याऐवजी त्यांना नेमकं विचारावं. सांगितलेल्या वेळी आले का, कबूल केलेलं दिलं का, पुन्हा आले तर चालतील का. गुण आपण द्यायचे, पण या तीन उत्तरांकडे बघून.

एक गोष्ट विद्यापीठातल्या वरिष्ठांशी आत्ताच बोलून घ्या. वस्तीचा प्रश्न घेऊन निघालात तर तो कुठे जाईल हे तुमच्या हातात नसतं. तो महापालिकेकडे जाईल, एखाद्या कारखान्याकडे जाईल, कदाचित विद्यापीठाकडेच परत येईल. विद्यापीठ हेही शेजारीच असतं, जागा व्यापणारं, भाडी वाढवणारं, फाटक बंद करणारं. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ आणि शेजारच्या संस्थांच्या विस्तारासाठी १९६० च्या दशकात शहर-पुनर्रचना झाली, तिच्यात ‘ब्लॅक बॉटम’ नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती उठवली गेली. त्याच विद्यापीठाने १९९२ मध्ये समाज-भागीदारीचं केंद्र काढलं, जे आज नेटर सेंटर म्हणून ओळखलं जातं आणि आजूबाजूच्या शाळांशी जोडून चांगलं काम करतं. पण अशा ठिकाणी पहिल्या बैठकीत जुना हिशेब निघतोच. तुमच्या वस्तीचा विद्यापीठाशी असा काही हिशेब आहे का, हे जुन्या रहिवाशांना विचारा. लोक न येण्याचं कारण तिथेही सापडू शकेल.

‘सामाजिक बदल’ हे शब्द उपक्रमाच्या नावात असतील तर विद्यार्थ्यांशी स्पष्ट बोला. १९६८ मध्ये विचारवंत इव्हान इलिच यांनी मेक्सिकोत सेवेला आलेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांना तोंडावर सांगितलं होतं, की बघायला या, शिकायला या, डोंगर चढायला या, पण मदत करायला येऊ नका. मी इतक्या टोकाला जात नाही. शिकायला जाणं आणि त्या बदल्यात उपयोगी पडणं, हा व्यवहार मला प्रामाणिक वाटतो. एका सत्रात बस थांब्यावर थांबू लागली तर तेही पुष्कळ आहे, आणि ती पुन्हा थांबेनाशी झाली तर काय करायचं हे वस्तीला माहीत असणं त्याहून जास्त.

आता तुमचा तिसरा प्रश्न, कराराचा. आत्ता करू नका. आत्ता केलात तर त्यावर तुमच्याच मनातले मुद्दे उतरतील आणि संघटनेचे पदाधिकारी सही करून मोकळे होतील. आधी एक छोटं काम पूर्ण होऊ द्या. ते करताना कुठे खटके उडाले, कुणी कुणाची वाट पाहिली, कोणता कागद कुणाकडे राहिला, यातून करारातली कलमं आपोआप पुढे येतील. दोन पानं पुरतात. काम कोणतं आणि ते कुणी सुचवलं, माहिती कुणाच्या मालकीची, प्रसिद्ध करण्याआधी कुणाला दाखवायची, सुट्ट्यांत काय, वस्तीला थांबवायचं असेल तर कुणाला कळवायचं, आणि कोणत्या तारखेला दोघांनी बसून पुढे चालू ठेवायचं की नाही हे ठरवायचं. लोकांसमोर मोठ्याने वाचून मग सही घ्या. संपर्काच्या रकान्यात तुमचं नाव लिहू नका, पद आणि कार्यालयाचा नंबर लिहा. उद्या तुम्ही दुसरीकडे गेलात तरी तो फोन कुणीतरी उचलायला हवा.